बांगड्यांच्या मापाचं टोपण

लग्नकार्याला मला लोक आग्रहानं बोलावतात, पण पंगतीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. वाढपी आमटीची बादली घेऊन आला की मी आमटीकडे बघत नाही, त्याच्या मनगटाकडे बघतो. बादलीची कडी पातळ आहे, ती बोटांत रुतते, म्हणून हा पोरगा घडीघडीला हात बदलतोय, आणि हात बदलताना आमटी लोकांच्या धोतरावर सांडतेय, हे मी शेजाऱ्याला नीट समजावून सांगतो. शेजाऱ्याला जिलेबी हवी असते. पुढच्या लग्नात तो दुसऱ्या पंगतीत बसतो.

संपादक म्हणाले, तुम्ही जन्मभर नेमकं काय केलंत ते साध्या भाषेत लिहा. हाच प्रश्न लग्नाआधी माझ्या सासऱ्यांनी विचारला होता आणि माझं उत्तर ऐकून ते आपल्या मुलीला "अजून विचार कर" म्हणाले होते. तर साध्या भाषेत सांगतो. वस्तू बनवणारा एक असतो, विकणारा दुसरा आणि वापरणारा तिसरा. या तिघांची गाठ कधी पडत नाही. त्यांच्यामध्ये जो खेटे घालतो, तो मी. स्टोची चावी पिठाच्या हातानं फिरते का, खुर्चीतून म्हाताऱ्याला उठता येतं का, असल्या चौकशा करायच्या आणि मग कागदावर रेघा ओढायच्या. पुढे पुण्याला मोठ्या कंपनीत गेलो तेव्हा माझ्या टेबलावर 'ह्यूमन फॅक्टर्स' अशी पाटी लागली. पण काम शिकलो ते नगरला, चंदूशेठच्या कारखान्यात, आणि तिथं माझ्या हुद्द्याचं नाव साधं ड्राफ्ट्समन होतं.

आमचा कारखाना शेतीची औजारं बनवी. फवारणीचे पंप, पेरणीची पाभर आणि हातानं फिरवायचं कडबा कुट्टीचं मशीन. चंदूशेठ मोठा दिलदार माणूस, पण तक्रार ऐकली की त्यांचं डोकं दुखे. म्हणून तक्रार आली की मला पाठवत. एकदा अकोले तालुक्यातल्या राजूरहून निरोप आला की तुमचा फवारणीचा पंप गळतो. मी अकोल्याच्या एसटीनं तिथं पोचलो आणि बघतो तर काय, पुढची बाई हिंदकळता पंप डोक्यावर घेऊन चालतेय आणि मागचा गडी नळी धरून हापसतोय. मी म्हटलं, अहो, हा पाठीवर बांधायचा आहे, पट्टे दिलेत की. तो गडी म्हणाला, "सायेब, तुमी ह्यो पाठीवर बांधा आन त्यो डोंगर चढून दावा." मी बांधला. अर्ध्या चढावर पंपानं मला मागे खेचलं आणि मी काटेरी झुडपात जाऊन बसलो. त्या दोघांनी मला सभ्यपणे बाहेर काढलं, हसले मात्र मी एसटीत बसल्यावर. नगरला येऊन मी पंपाच्या बुडाला डोक्यावरच्या चुंबळीवर बसेल असा गोल घेर काढला. चंदूशेठ म्हणाले, "आता घागरीच विकू या." पण राजूरच्या बाजारात तो पंप पुढे चांगला खपला.

खरी गोष्ट सांगायची आहे ती कुट्टीच्या मशीनची.

ते दुष्काळाचं साल होतं. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं. तोच बारीक कापून दिला तर काडीसुद्धा उरत नाही. त्यामुळे आमच्या मशीनला मागणी आली. मशीन सोपं असतं. एका मोठ्या लोखंडी चाकाला दोन पाती. एकानं मुठीला धरून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं लाकडी पन्हळीतून कडब्याची पेंढी पुढे सारायची. पन्हळीच्या टोकाला दातेरी रूळ असतात. ते पेंढी आत ओढतात आणि पाती सपासप कापतात. आता त्या रुळांना कडबा कोणता आणि बोट कोणतं हे कळत नाही. चाक फिरवणारा असतो पलीकडे, त्याला काही दिसत नाही.

आमच्या श्रीपत फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली होती, त्याच्या घरच्या एका जुन्या मशीनमध्ये. श्रीपतनं ते दुःख काही उराशी धरलं नव्हतं. तो डाव्या हातानं पाच चहा अशी खूण करी, टपरीवाला तीन आणी, आणि मग श्रीपत त्यालाच दम देई. पण आमच्या मशीनचं चित्र मी काढायला घेतलं तेव्हा तो माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "भाऊ, ह्यात बोट जाता कामा नये. बाकी कसंबी काढा." म्हणून आम्ही रुळांच्या अलीकडे पन्हळीवर जाड पत्र्याचं एक टोपण बसवलं. पेंढी खालून आत जाई, हात बाहेर राही. मी आणि श्रीपतनं आळीपाळीनं पेंढ्या सारून बघितल्या. मशीन झकास चाललं. पहिल्या खेपेतलं एक मशीन मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पुणतांब्याला भेट म्हणून पाठवलं.

काही महिन्यांत गावोगावहून एकच तक्रार येऊ लागली. टोपणापाशी जाम होतं, म्हणून काढून टाकलं. मी घरोघर गेलो. ओसरीवर चहा प्यायलो, पुरुषमाणसांना विचारलं. सगळे म्हणत, "जाम हुतं." मी टोपण बसवून चालवून दाखवी. जाम होत नसे. तेही मान डोलवत आणि मी वळलो की टोपण पुन्हा काढत.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी मनमाडच्या पॅसेंजरनं पुणतांब्याला गेलो. अक्काच्या घरामागच्या अंगणात पाय ठेवला आणि आधी दिसला तो आमच्या कारखान्याचा निळा रंग. टोपण कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं घातलेलं होतं. आणि पलीकडे अक्का कुट्टी करत होती. शेजारीण चाक फिरवत होती आणि दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. आमची अक्का बोलायला लागली की समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलते, हाताकडे बघत नाही. लहानपणी बोलता बोलता तिनं माझ्या ताटात तीनदा भात वाढला होता. तिचा हात पेंढीबरोबर रुळांच्या दिशेनं चालला होता.

"अक्का, टोपण कुठंय?" मी विचारलं.

"हाय की. त्ये काय, कोंबड्यांवर."

"तिथं कशाला?"

"मग वाया घालवायचं व्हय? चांगला जाड पत्रा हाय. मांजराचं भ्या गेलं बघ तवापासनं."

"पण काढलंस का?"

"जाम हुतं रे," असं म्हणून अक्का आभाळाकडे बघायला लागली.

मी कोंबड्या हुसकल्या, टोपण धुतलं, बसवलं आणि स्वतः पेंढ्या सारल्या. सगळं सुरळीत. अक्का अजून आभाळाकडेच बघत होती. तेव्हा तिच्या सासूबाई, तिथंच सुपात डाळ निवडत बसलेल्या, म्हणाल्या, "सांग की त्येला. भाऊच हाय तुजा."

"आत्याबाई, सनासुदीचं कशाला त्ये," अक्का म्हणाली.

"मग म्या सांगते. पयल्याच दिशी तुमच्या त्या टोपनानं हिच्या हिरव्या बांगड्या वाढल्या. एक न्हाई, चांगल्या चार. आन त्याच सांजच्याला आमच्या सदाला हीव भरलं. आता तुमीच सांगा, घरात ठिवावं का आसलं?"

सदा म्हणजे आमचे दाजी. ते ओसरीवर चिवडा खात धडधाकट बसले होते. ते म्हणाले, "मला पान्यानं ताप आल्ता." त्यांच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेंढी सारताना मनगट टोपणाच्या तोंडापाशी येतं आणि बांगड्या पत्र्याच्या कडेवर आपटतात. सवाष्णीची बांगडी फुटली असं कुणी तोंडानंसुद्धा म्हणत नाही, वाढली म्हणतात, आणि इथं तर ती भावानं दिलेल्या वस्तूवर, वर त्याच संध्याकाळी नवऱ्याला ताप. अक्का मला हे कसं सांगणार? आणि गावोगावच्या बायका माझ्यासारख्या परक्या माणसाला कशाला सांगतील? त्या नवऱ्याला म्हणाल्या जाम होतं, नवरे मला म्हणाले जाम होतं. आमच्या कारखान्यात बाई औषधालाही नव्हती. आम्ही टोपण तपासलं ते दोन बाप्यांच्या उघड्या हातांनी, आणि जिल्ह्यात पेंढ्या सारतात त्या बहुतेक बायका.

"मग एवढ्या कामापुरत्या बांगड्या काढून ठेव," मी बोलून गेलो. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं आणि चिवडा मागितला.

टोपण परत कोंबड्यांवर गेलं. परतीच्या गाडीत मला झोप लागेना. डोळे मिटले की अक्काचा हात रुळांकडे सरकताना दिसे. ते मशीन मी तिच्या घरी पाठवलं होतं आणि उचलून परतही आणता येत नव्हतं, कारण दुष्काळात तिच्या म्हशी त्याच्यावरच जगत होत्या. उपाय एकच होता, बांगड्यांसकट चालेल असं टोपण.

कारखान्यात गेलो तर चंदूशेठ ठरवूनच बसले होते. "पुढच्या खेपेपासून टोपण बंद," ते म्हणाले. "पत्रा आपला, मजुरी आपली आणि सावली कोंबड्यांना."

मी त्यांना बांगड्यांची हकीकत सांगितली. श्रीपत शेजारी उभा होता. त्यानं डावा हात शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी त्या हाताकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "संक्रांतीनंतर कर्जतच्या बाजारात आपण मशीन मांडणार आहोत. तिथं बाईमाणसानं टोपणासकट चालवून दाखवलं आणि एकही बांगडी वाढली नाही, तर टोपण राहील. वाढली तर हा विषय माझ्यापुढे परत काढायचा नाही."

मी तडक कापडबाजारात हमीदाबीच्या दुकानी गेलो. हमीदाबी मन्यार, म्हणजे बांगड्या भरणारी. नगरमधल्या निम्म्या बायकांच्या हाताचं माप त्यांच्या नवऱ्यांना ठाऊक नसेल, पण तिला होतं.

"कुणाच्या मापाच्या देऊ?" तिनं विचारलं.

"माझ्या," मी म्हणालो.

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग कुट्टीचं मशीन, टोपण, अक्का, सगळं रामायण ऐकवलं तेव्हा कुठे तिनं हात पुढे करायला सांगितला. "हात ढिला सोडा, भाऊ. बाई असं हात आखडत नाही. लग्न झालंय का?" झालंय म्हटल्यावर म्हणाली, "मग घरी आधी सांगून ठेवा." साबण लावून, अंगठा आत दाबून, तिनं दोन्ही हातांत हिरव्यागार काचेच्या बांगड्या चढवल्या. दुकानात आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. बांगड्या काढायचं तंत्र मी विचारलं नव्हतं, त्यामुळे सायकलवरून किणकिण वाजत घरी गेलो. बायकोनं दार उघडलं, बांगड्या बघितल्या आणि म्हणाली, "मला आणल्या नाहीत त्या नाहीत, वर स्वतःच भरून आलात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकाही लेथवर काम झालं नाही. हातात बांगड्या भरल्यात का, असं आपण माणसाला डिवचायला म्हणतो. मला डिवचायला काही शिल्लकच नव्हतं. मी मशीनपाशी जमिनीवर बसलो, कारण बायका बसून पेंढी सारतात, आम्ही उभ्यानं तपासलं होतं. माझी बोटं वाचावीत म्हणून श्रीपतनं रूळ मोकळे सोडून चाक नुसतं रिकामं फिरवलं. पहिल्याच पेंढीला माझी बांगडी पत्र्यावर वाजली. तिसऱ्याला तुटली आणि मनगट कापलं. तेवढ्यात चंदूशेठ आत आले.

"हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, शेठ."

शेठ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग "रंग चांगला आहे" एवढंच म्हणून केबिनमध्ये गेले.

पुढचे काही दिवस मी टोपणाचं तोंड कधी उंच, कधी रुंद करत बसलो. उंच केलं की बांगड्या वाचत, पण हात थेट रुळांपर्यंत जाई. खाली घेतलं की हात वाचे आणि बांगड्या जात. एकदा कंटाळून मी सायकलचा जुना टायर कापून टोपणाच्या कडेला बसवला, निदान मनगट तरी कापू नये म्हणून. पेंढी सारली आणि हात थांबला. मी थांबवला नव्हता. बांगड्या रबराला मऊपणे टेकल्या होत्या आणि त्या पुढे जाऊ देईनात. मी पुन्हा सारली, पुन्हा तेच. इतके दिवस मी बांगड्यांना वाट करून देत होतो आणि बांगड्या तर आपसूक हाताला अडसर घालत होत्या. बाईच्या मनगटावर जन्मभर असलेली वस्तू, ती मी वैरी समजून बसलो होतो. मग काम सोपं झालं. तोंड एवढंच ठेवायचं की हात जाईल पण बांगड्यांचं मनगट जाणार नाही. कडेला जाड रबर. आणि तोंडापासून रुळांपर्यंतचं अंतर हाताच्या पंज्याहून ऐसपैस जास्त. बाहेरच्या बाजूला पालथ्या सुपासारखा पसरट आकार दिला, म्हणजे पेंढी अडकू नये.

आता कर्जतला चालवून दाखवायचं कुणी? भर बाजारात, चार परक्या गड्यांसमोर, कोण बाई मशीनला हात लावणार? मी अक्काकडे गेलो. ती दाजींकडे बघायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "जाईल ती. पर ह्यावेळी वाढली तर म्या मशीनच गोदावरीत टाकीन."

कर्जतला, आमच्या नगर जिल्ह्यातल्या, बाजाराच्या दिवशी दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीवरून आलेली माणसं, बैलं, भाजीवाल्या, सगळी गर्दी. अक्का नवं लुगडं नेसून, दोन्ही हात बांगड्यांनी भरून मशीनपाशी बसली. आम्ही आता रूळ खरे लावले होते. श्रीपतनं चाक धरलं. चंदूशेठ छत्री घेऊन उभे. सुरुवातीला अक्का हाताकडे बघून, जपून सारत होती आणि मला हायसं वाटत होतं. मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी विचारलं, "माहेर कुठलं वं तुमचं?"

झालं. अक्का वळली. "नगर. पर दिलं पुनतांब्याला," असं सुरू झालं ते सासर, म्हशी, म्हशींची नावं, कोण किती दूध देते, इथपर्यंत गेलं. तिची नजर त्या बाईच्या तोंडावर, चाक गरगर फिरतंय, आणि हात आत, आणखी आत. मी श्रीपतला थांबायची खूण केली. श्रीपतला पलीकडून काही दिसत नव्हतं. पेंढी संपली, हात मोकळाच पुढे गेला, बांगड्या रबराला टेकल्या आणि हात थांबला. अक्कानं न बघता हात मागे घेतला, दुसरी पेंढी उचलली आणि सांगितलं की काळी म्हैस मारकी आहे. तिला काही कळलंसुद्धा नाही. मला मात्र खाली बसावं लागलं. चंदूशेठनी छत्री माझ्या डोक्यावर धरली.

बाजार उठेपर्यंत असं कितीदा तरी झालं. एकही बांगडी वाढली नाही. शेवटी एक पागोटंवाले बाबा पुढे आले. "बायांचं झालं," ते म्हणाले. "आमचं काय? आमचा हात तर सरळ आत जातुय. आमी काय बांगड्या भराव्या का?"

लोक हसले. श्रीपत चाकामागून बाहेर आला. त्याच्या डाव्या मनगटात लोखंडाचं जाड कडं होतं. ते त्यानं माझ्याही नकळत आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये घडवलं होतं. त्यानं तीन बोटांचा हात बाबांपुढे धरला आणि म्हणाला, "भरा बाबा. मी भरलंय. जरा उशिरा भरलं, येवढंच."

बाबांनी ते कडं हातात घेऊन फिरवून बघितलं.

टोपण राहिलं. प्रत्येक मशीनबरोबर आम्ही एक कडं देऊ लागलो. खरं सांगायचं तर पुष्कळ बाप्यांनी ते घातलं नाही. बैलाच्या दाव्याला, दाराच्या कडीला, कुठंही लावलं, पण मनगटात घालायला लाजले. अशा एखाद्याचं बोट गेल्याचं कानावर आलं की मला त्या दिवशी अन्न गोड लागत नसे. लाजेचं माप घेणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, पुण्याच्या पाटीमागे बसूनसुद्धा.

पुढच्या भाऊबीजेला पुणतांब्याला गेलो. पाऊस बरा झाला होता. खुराड्यावर आता गवताचं छप्पर होतं आणि टोपण मशीनवर. दाजी मनगटात कडं घालून पेंढ्या सारत होते आणि कुंपणावरून कुणी बाईसारख्या बांगड्या भरल्याचा टोमणा मारला की "माजं माहेर पुनतांबंच हाय" असं ठणकावत होते. सासूबाईंनी मला चिवड्याबरोबर दोन लाडू जास्त वाढले.

मग पाट मांडला. अक्का ताम्हण घेऊन समोर उभी राहिली. निरांजन, सुपारी, अंगठी. दोन्ही हातांनी तिनं ते ताम्हण धरलं आणि ओवाळायला लागली. हिरव्या बांगड्या वाजत होत्या. आणि ताम्हणाच्या कडेला तिची बोटं, दोन्ही हातांची, सगळी जागच्या जागी. मला डोळ्यांपुढे नीट दिसेना.

"आरं, तोंडाकडं बघ की," अक्का म्हणाली. "हाताकडं काय बघतुयास?"

"काही नाही," मी म्हणालो. "माप घेतोय."